तोंडचं पाणी

केतकी हिंगमिरेच्या डोळ्यांतून बारा वर्षांनी पहिल्यांदा पाणी आलं ते उप्पीट खाताना.

मिरजेच्या नेत्रसंशोधन केंद्रातली सकाळ होती. शस्त्रक्रियेला काही आठवडे झाले होते आणि दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी आदल्याच दिवशी निघाली होती. तिच्या नवऱ्यानं, महांतेशनं, कँटीनमधून उप्पिटाची बशी आणून तिच्या मांडीवर ठेवली. वर लिंबू पिळलेलं होतं. पहिला चमचा तोंडात गेला आणि उजव्या गालावरून काहीतरी ओघळलं. केतकीला वाटलं, कुणी औषधाचा थेंब टाकला. मग डावा गालही ओला झाला. महांतेशनं बशी बाजूला केली, तिचे दोन्ही हात धरले आणि तो स्वतःच रडायला लागला. एक नर्स दारातून डोकावली आणि दुसरीला बोलावून घेऊन आली. सगळ्यांचे चेहरे पाहून केतकीला वाटलं की आपण काहीतरी बोलायला हवं. पण तिला काहीच वाटत नव्हतं. भूक लागली होती आणि बशी दूर गेली होती.

डॉक्टर निलोफर शिकलगार आल्या. कागदाची बारीक पट्टी त्यांनी केतकीच्या खालच्या पापणीत अडकवली, ती भराभर भिजत गेली तशी समाधानानं मान हलवली आणि महांतेशला म्हणाल्या, "त्यांना आधी खाऊ द्या."

एकोणिसाव्या वर्षी केतकीला ताप आला होता आणि तापावर घेतलेली एक साधी गोळी तिच्या अंगावर उलटली होती. लाखांत एखाद्याला होतं तसं झालं. भाजल्यासारखी कातडी सोलवटली, तोंड आतून सोललं, डोळे सोलले. कातडी भरून आली, तोंड भरून आलं, डोळे मात्र नाही.

डोळ्याच्या समोर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तर त्यातून आरपार दिसतं. त्याचं पोषण बरंचसं अश्रूंच्या पातळ थरावर चालतं. त्याचा वरचा थर सतत झिजतो आणि सतत नव्यानं भरला जातो. त्यासाठी लागणाऱ्या पेशी तयार होतात त्या डोळ्यातलं काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेवर. केतकीच्या डोळ्यांतली ती कड जळून गेली होती. मग बाजूची कातडी, आपल्या बारीक रक्तवाहिन्यांसकट, काचेवर पसरत आली, जशी पडीक शेतात हराळी पसरते. अश्रूंच्या नळ्याही बुजल्या होत्या. डोळे कोरडे ठणठणीत. पापणी हलली की वाळू घासल्यासारखं व्हायचं. खिशात थेंबांच्या बाटल्या, डोळ्यांवर बाजूनं बंद असलेला चष्मा, आणि समोरचं जग दुधी काचेमागे असल्यासारखं.

मृत माणसाचा कॉर्निया बसवून अशा डोळ्यांचं भागत नाही. कोरड्या डोळ्यात तो टिकत नाही. म्हणून डॉक्टर शिकलगारांनी एकाच शस्त्रक्रियेत उलटा क्रम धरला होता: आधी पाणी, मग कड, मग काच. कड त्यांनी केतकीच्या गालाच्या आतल्या पेशींपासून बनवली. त्या पेशींना प्रयोगशाळेत मागे नेऊन, मूळपेशी बनवून, पुन्हा डोळ्याच्या दिशेनं वाढवलं होतं. आणि पाण्यासाठी त्यांनी तिच्या खालच्या ओठातून लाळग्रंथीचा तुकडा घेऊन त्यापासून राजम्याच्या दाण्याएवढ्या दोन नव्या अश्रुग्रंथी वाढवल्या आणि त्या एकेका भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली बसवल्या.

अडचण एकच होती. ग्रंथी आपणहून स्रवत नाही, तिला मज्जातंतूकडून हुकूम लागतो. केतकीचा मूळचा तंतू निकामी झाला होता. म्हणून लाळेचा हुकूम देणाऱ्या तंतूची एक फांदी तिथवर आणून जोडली. मेंदूला या बदलाचा पत्ता नव्हता. त्याच्या लेखी तो अजून तोंडालाच पाणी सोडत होता.

हे सगळं डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं होतं. तुम्ही जेवताना रडाल, असं त्या म्हणाल्या होत्या तेव्हा सगळेच हसले होते. केतकी म्हणाली होती, चालेल, माझ्या हातचं जेवण तसंही रडण्यासारखंच असतं.

सोलापूरला परतल्यावर पहिले काही दिवस ती नुसती बघत होती. सात वर्षं संसार केलेल्या माणसाच्या कानामागे पांढरे केस आहेत हे तिला आता दिसलं. ध्वनिपुस्तकांच्या एका कंपनीसाठी रेकॉर्डिंगमधल्या चुका पकडायचं काम ती घरून करायची, त्या कामाला डोळे लागत नव्हते. आता काम करता करता ती खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या टॉवेलांचे रंग बघत राहायची आणि चुका सुटायच्या.

आणि दोन्ही वेळच्या जेवणाला ती रडायची. वरणभाताला थोडं, लोणच्याला जास्त, शेंगाचटणीला तर धार लागायची. शेजारी पातेल्यात लसूण पडला तरी पुरे. तिनं ताटाजवळ रुमाल ठेवायला सुरुवात केली आणि महांतेशनंही बघून न बघितल्यासारखं करायला सुरुवात केली. पण तिला एक गोष्ट लक्षात यायला लागली आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. पाणी यायचं ते चवीनं, त्यात शंका नव्हती. पण गाल ओले झाले, नाक भरून आलं, श्वास अडखळला की मागोमाग मन जड व्हायचं. भाकरीचा घास तोंडात असताना कधी वडील आठवायचे, कधी शाळेतली मैत्रीण, कधी काहीच नाही, नुसतं वाईट वाटायचं. ताट धुऊन ठेवेपर्यंत ते टिकायचं. खोटं म्हणावं तर ते खोटं नव्हतं.

तिचे वडील, अप्पा, पाच वर्षांपूर्वी गेले होते. सगळी भावकी जमलेली, बायका छाती पिटून रडत होत्या, आणि केतकी काळा चष्मा लावून कोरडी उभी होती. तिच्या आईला, अव्वाला, कारण पुरतं ठाऊक होतं. डोळ्यांत थेंब घालायला तीच तर कितीदा बसली होती. तरीही त्या दिवसापासून अव्वाचं काहीतरी आखडलं. बोलणं चालू राहिलं, सणावाराला डबे येत राहिले, पण लेकीला जवळ घेणं थांबलं. एकदा मावशीशी बोलताना अव्वा म्हणाली होती की पोरीच्या मनात असेल गं, पण मला दिसलं नाही. केतकीनं ते ऐकलं होतं. तिचे कान चांगले होते.

त्या वर्षी अप्पांच्या श्राद्धाला अव्वानं गव्हाची हुग्गी केली, अप्पांना आवडायची तशी, गूळ सढळ आणि वर तूप. केतकी आणि महांतेश जेवायला गेले. पहिल्या घासाला केतकीचे डोळे वाहायला लागले आणि थांबेचनात. अव्वा वाढता वाढता थबकली. पळी तशीच पातेल्यात टाकून ती खाली बसली आणि तिनं लेकीचं डोकं छातीशी धरलं.

"रड गं माझे बाई," ती म्हणाली. "किती वर्षं धरून ठेवलंस."

केतकीच्या तोंडात घास होता. तो गिळून, अव्वा, ही हुग्गीची करामत आहे, असं सांगायचं तिनं ठरवलंही. पण अव्वाच्या पदराला जिरे-लसणाचा वास येत होता आणि तो वास तिला पाच वर्षांत एवढ्या जवळून आला नव्हता. तिनं घास गिळला आणि डोकं तसंच पदरात राहू दिलं. घरी येताना महांतेशनं विचारलं की खरंच रडत होतीस का. तिला सांगता येईना.

महांतेश टेरी टॉवेलच्या गिरणीत होता, यंत्रमागांच्या देखभालीचा प्रमुख. त्याच्या कंपनीनं उझबेकिस्तानात नवा कारखाना घेतला होता आणि तो उभा करून द्यायला दोन वर्षांसाठी त्याला विचारलं होतं. महांतेशला आयुष्यभर अशाच कामाची इच्छा होती: रिकाम्या छपराखाली एकेक यंत्र बसवत न्यायचं. केतकीला सोबत जाता येणार नव्हतं. नव्या ग्रंथीला पहिली दोन वर्षं वरचेवर मिरजेला दाखवणं भाग होतं, आणि तिकडची कोरडी हवा डॉक्टरांनी नकोच म्हटली होती.

हा विषय त्यानं जेवताना काढला. त्यानं नंतर कबूल केलं की वेळ चुकली, पण दोघं निवांत समोरासमोर बसायचे ते तेव्हाच. केतकीनं सगळं ऐकून घेतलं, कारखाना किती मोठा, राहायची सोय काय, हे विचारलं आणि मग ती स्पष्टपणे म्हणाली की तू जा. मी सांभाळीन, अव्वा येऊन राहील, दोन वर्षं काय बघता बघता जातील. हे सगळं ती म्हणत असताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ताटात वांग्याचं भरीत होतं, हिरव्या मिरचीचं. जेवण झाल्यावर त्यानं दोघांची ताटं उचलली.

पुढच्या आठवड्यात त्याचा सहकारी घरी आला तेव्हा त्याच्या बोलण्यातून केतकीला कळलं की महांतेशनं नकार कळवला होता.

पाहुणा जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं विचारलं, "तू कंपनीला नकार का दिलास?"

"तू रडत होतीस."

"मी जेवत होते."

"मला कसं कळणार?"

"मी सांगितलं ना तुला. जा म्हणाले."

"तोंडानं म्हणालीस," महांतेश म्हणाला.

केतकीला धक्का बसला तो इथे. लग्नाआधीच तिनं त्याला बजावलं होतं की माझ्या चेहऱ्यावरून तुला काही कळायचं नाही, तू विचारत जा. आणि तो विचारत आला होता. बाजारातून आल्यावर, फोन ठेवल्यावर, नुसतं शेजारी बसल्यावर तो विचारायचा, काय वाटतंय. ती सांगायची: आज वाईट वाटतंय, आज राग आलाय तुझा, आज काही नाही. तो ते खरं मानून चालायचा. दुसऱ्या जोडप्यांना हे विचित्र वाटायचं. त्यांचं बरं चाललं होतं.

"सात वर्षं तू माझ्या तोंडचंच खरं मानत आलास, महांतेश," ती म्हणाली. "आता माझ्या शब्दाला किंमत राहिली नाही?"

तो हळूच म्हणाला, "बरं. आता विचारतो. मी जावं असं तुला मनापासून वाटतं?"

त्या दिवशी 'जा' म्हणताना केतकीला ते खरं वाटलं होतं. आता ते आठवलं की त्यासोबत ओले गाल आठवत होते, भरून आलेला गळा आठवत होता. तो भरिताचा होता की तिचा स्वतःचा, हे कुठून कळणार? ती उठून आत गेली.

ती एकटीच मिरजेला गेली. अशा रुग्णांना ग्रंथीत एक इंजेक्शन देतात हे तिला माहीत होतं. त्यानं तंतूचा हुकूम काही महिने जेमतेमच पोचतो. डोळा ओला राहण्यापुरतं पाणी झिरपत राहतं, जेवताना धार लागणं तेवढं बंद होतं. ते द्या, असं तिनं डॉक्टर शिकलगारांना सांगितलं. घरात माझं कुणी ऐकेनासं झालंय, मला माझे शब्द परत हवेत.

डॉक्टर म्हणाल्या, देते, पण आधी एक तपासणी करू. तुटलेल्या, जोडलेल्या तंतूंना नवे कोंब फुटतात, आणि ते कुठे जातात यावर आपला ताबा नसतो. काही जणांत ते मूळच्या वाटेला जाऊन मिळतात. तसं झालं असेल तर तुमच्या पाण्यात थोडं खरं रडणंही मिसळायला लागलं असेल. ते आहे का, बघू.

बंद खोलीत, कुठलाही वास नसलेल्या हवेत, तोंड औषधानं बधिर करून तिला बसवलं. दोन्ही पापण्यांत कागदाच्या पट्ट्या. डॉक्टरांनी तिला अप्पांबद्दल बोलायला लावलं. ते कसे गेले, शेवटचं काय बोलले, हे केतकीनं बधिर जिभेनं अडखळत सांगितलं. पट्ट्या कोरड्या. मग महांतेशबद्दल, तो दोन वर्षं नसेल त्या घराबद्दल. सांगताना तिच्या छातीत दुखत होतं. पट्ट्या कोरड्या. मग मन शांत असतानाचं मोजमाप हवं म्हणून डॉक्टरांनी तिला सतराचा पाढा म्हणायला सांगितला. पाढा निम्म्यावर आला आणि दोन्ही पट्ट्या भिजायला लागल्या.

डॉक्टरांनी तो पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा भिजल्या. अठराच्या पाढ्याला काही नाही.

हा पाढा तुम्हाला कुणी शिकवला, असं त्यांनी विचारलं. केतकीनं खूप आठवून पाहिलं. अप्पांनी असेल, शाळेतल्या बाईंनी असेल. काही आठवेना.

"याचा अर्थ काय?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कोंब फुटलेत एवढं नक्की. कुठल्या वाटेनं गेलेत ते मला सांगता येत नाही. इंजेक्शन घेतलंत तर जेवतानाचं पाणी थांबेल, पण कोंबही कदाचित तिथेच थांबतील. नाही घेतलंत तर वर्षभरात काहीतरी आकार येईल. कसला, ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही."

"मी खरंच रडत असेन तेव्हा मला कळेल ना?"

डॉक्टरांनी पट्ट्या बशीत ठेवल्या. "एकोणिसाव्या वर्षापर्यंत कसं कळायचं तुम्हाला?"

केतकी विचार करत राहिली. तेव्हा डोळे भरायचे आणि आपण रडतोय हे कळायचं. आधी काय व्हायचं, मन भरायचं की डोळे, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. इंजेक्शनची सुई ट्रेमध्ये तयार होती. आज राहू दे, असं ती म्हणाली. का म्हणाली ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

घरी परतल्यावर तिनं महांतेशला आधी पाढ्याची गोष्ट सांगितली. तो हसला, मग तीही हसली, बऱ्याच दिवसांनी. मग ती म्हणाली, "परवा विचारलंस ते आता विचार."

"मी जाऊ?"

"तू गेलास तर मला फार जड जाईल. आणि तू गेला नाहीस तर त्याहून जड जाईल. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोडून दुसरं ठेवता येईल असं मला वाटत होतं, पण येत नाहीये. म्हणून सांगते, जा."

महांतेशनं तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ते कोरडे होते. मग त्यानं मान खाली घातली आणि तिच्या शब्दांचा विचार केला, हे तिला दिसलं. त्याची जागा अजून भरली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं होकार कळवला.

अव्वाला मात्र केतकीनं हुग्गीचं काही सांगितलं नाही. दोनदा तिच्या ओठांवर आलं होतं. पण आता अव्वा येता-जाता तिच्या केसांवरून हात फिरवायची, आणि त्या दिवशी आपण अप्पांसाठी रडलो नव्हतो हे सांगायला ते खरं असल्याची खात्री हवी. तेवढी तिला नव्हती.

त्याला सोडायला ती पुण्याच्या विमानतळापर्यंत गेली. सकाळपासून तिनं मुद्दाम काही खाल्लं नव्हतं, चहासुद्धा घेतला नव्हता. तोंडात चव नको, आसपास वास नको. आज जे येईल ते आपलं असेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. दाराशी आल्यावर महांतेशनं बॅग खाली ठेवली. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली. डोळ्यांत काहीही आलं नाही. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या. काही नाही.

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्यानं विचारलं, "बरी आहेस ना?"

"नाही," ती म्हणाली. "जा."

त्यानं मान हलवली आणि बॅग उचलून तो आत गेला.

परतीच्या एसटीत तिच्या शेजारी टेंभुर्णीला जाणारी एक बाई होती. विजेवर चालणारी गाडी, आवाज नाही, केतकी खिडकीतून सरकणारा ऊस बघत होती. आपण काय होऊन बसलोय, याचा विचार करत होती. भिगवण मागे पडलं तशी त्या बाईनं मांडीवर डबा उघडला. कडक भाकरी, तेलात परतलेला लाल ठेचा. वास पोचला आणि केतकीचे डोळे भरून वाहायला लागले. रुमाल पर्समध्ये होता. तिनं तो काढला नाही. गाल ओले झाले, मग नाक, मग श्वास अडखळला, आणि दाराआड जाणारी महांतेशची पाठ तिला आत्ता पहिल्यांदा स्पष्ट दिसली.

त्या बाईचा हात डब्यातच राहिला. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं, बाई?"

"नवरा."

बाईचा चेहरा उतरला. तेव्हा केतकीच्या ध्यानात आलं आणि तिनं घाईनं सांगितलं की तसं नाही, परदेशी गेलाय, दोन वर्षांनी येईल.

"मग येईल की," बाई म्हणाली. तिनं अर्धी भाकरी मोडली, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि तिच्या हातात दिली. "उपाशी दिसतेस. खा."

केतकीनं घास घेतला. पाणी आणखी आलं. ती बाई तोंड पलीकडे करून बसली, हिला मोकळेपणी रडता यावं म्हणून. केतकीनं दुसरा घास मोडला.